शेवटचा शब्द ब्रेकचा

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून इंदापूरच्या दिशेने निघाली, की काटेवाडीत थबकते. परीट समाजबांधव धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धावते. तो एक दिवस सोडला, तर या वाटेवरचे धावणे वेगळे असते. पाटसहून बारामती, इंदापूर करीत तोंडल्यापर्यंत जाणाऱ्या सुमारे १३० किलोमीटरच्या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला नोव्हेंबर २०२१ मध्ये बसली. दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर मोटारींना ताशी १०० आणि दुचाकींना ८० किलोमीटरची कमाल मर्यादा केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने घालून दिली आहे. याच पट्ट्यात गाळप हंगामात भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघतात, शाळेची पोरे सायकलवर असतात, धनगरांचे कळप रस्ता ओलांडतात. ताशी शंभरने जाणारा आणि ताशी चारने चालणारा, दोघेही एकाच रस्त्याचे वाटेकरी.

काटेवाडीपासून काही किलोमीटरवर बारामतीची औद्योगिक वसाहत आहे. तिथला पियाजिओचा कारखाना तालुक्याला ठाऊक आहे तो ॲपे रिक्षांसाठी. २०१२ पासून तिथे व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागली आणि २०२३ च्या अखेरीस त्याच आवारात बनणारी एप्रिलिया आरएस ४५७ ही स्पोर्ट्स बाइक बाजारात आली. इंजिन ४५७ सीसीचे, ताकद सुमारे ४७ अश्वशक्ती, वजन १७५ किलो. बारामतीत जुळलेली ही गाडी युरोपातही विकली जाते, याचे कौतुक व्हायला हवे आणि झालेही. तिच्यातली एक गोष्ट मात्र फारशी चर्चेत आली नाही. या गाडीच्या मुठीपासून इंजिनापर्यंत रेसची पोलादी केबल जात नाही. मूठ पिळली की एक सेन्सर संगणकाला विनंती करतो आणि इंजिनाला किती हवा द्यायची, ते संगणक ठरवतो. महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये हेच पायाखाली घडते आणि आता साध्या हॅचबॅकमध्येही. मग पाय किंवा हात एकाच वेळी ‘पळ’ आणि ‘थांब’ असे दोन्ही सांगत असेल, तर संगणकाने कोणाचे ऐकायचे? जगभरच्या वाहन अभियंत्यांनी या प्रश्नावर तीन-चार दशके घालवली आहेत आणि त्याच्या उत्तरापायी माणसे मेली आहेत.

केबलच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता, कारण तिथे कोणी ठरवणारा नव्हता. पेडल दाबले की केबल ओढली जाई, थ्रॉटलची झडप उघडे, हवा आत जाई, पेट्रोल तिच्या मागोमाग. पाय उचलला की स्प्रिंग झडप मिटवी. केबलचा धागा तुटून आवरणात अडकला, गंज चढला, किंवा पेडलखाली चिखलाचा गोळा बसला, तर रेस अडकत असे. जुन्या एम-८० किंवा लुनावाल्यांना हा अनुभव नवा नाही. गाडी बोंबलत राहायची आणि चालवणारा क्लच दाबून किंवा चावी फिरवून सुटका करून घ्यायचा. ताकदच इतकी बेताची होती, की ब्रेक तिला सहज पुरून उरत.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आले ते मुख्यतः धूर आणि इंधन यांचा हिशेब नीट ठेवता यावा म्हणून. बीएमडब्ल्यूने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या बारा सिलिंडरच्या ७५० आय या मोटारीत ते बसवले आणि पुढच्या वीस वर्षांत ते जवळपास सर्वत्र पोचले. त्याची रचना मुळात संशयी वृत्तीची आहे. पेडलला एक नव्हे, दोन सेन्सर असतात. दोघे एकाच हालचालीची वेगवेगळ्या व्होल्टेजमध्ये खबर देतात आणि दोघांचे गणित जुळले तरच संगणक विश्वास ठेवतो. झडपेवरही तसेच दोन पहारेकरी. कुठे विसंगती दिसली, तर गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत पोचेल इतकीच ताकद मिळते. ब्रेकच्या पेडललाही स्विच असतो, त्याच्यामुळे मागचा लाल दिवा लागतो आणि त्याचीच बातमी संगणकाकडे जाते. म्हणजे दोन्ही पेडलांची माहिती एका ठिकाणी जमा झाली. केबलच्या काळात हे कधीच झाले नव्हते. एकदा ती जमा झाली, की ‘ब्रेक दाबलेला असेल तर रेसची विनंती धरायची नाही’ हा नियम लिहिणे म्हणजे प्रोग्रामच्या मोजक्या ओळींचे काम. जर्मन कंपन्यांनी तो बराच आधी लिहिला. इंजिन त्या क्षणी साधारण आयडलवर येते आणि चाके फक्त ब्रेकच्या ताब्यात जातात.

यात काय मोठेसे, ब्रेक तर असतातच की, असे वाटणे स्वाभाविक आहे. इथे ब्रेकच्या पोटातले एक गुपित समजून घ्यावे लागते. पेट्रोल मोटारीचा ब्रेक हलका लागतो तो बूस्टरमुळे आणि बूस्टर चालतो इंजिनाच्या ओढीतून तयार होणाऱ्या निर्वातावर. झडप मिटलेली असते तेव्हा इंजिन हवेसाठी धडपडते आणि निर्वात भरपूर असतो. झडप सताड उघडी राहिली, की तो जवळजवळ संपतो. बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरता साठा उरलेला असतो. घाबरलेला माणूस पेडल पुन्हा पुन्हा दाबतो, साठा संपतो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी पेडल दगडासारखे लागते. ज्या क्षणी ब्रेकची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच क्षणी त्याचा मदतनीस गायब. आता अनेक गाड्यांत, विशेषतः टर्बो आणि डिझेलमध्ये, वेगळा निर्वात-पंप असतो, त्यामुळे हा धोका कमी झाला आहे. जुन्या पेट्रोल गाड्या मात्र रस्त्यावर लाखोंनी आहेत.

२८ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेतल्या सॅन दिएगोजवळ हे सारे एकत्र आले. एका पोलीस अधिकाऱ्याला दुरुस्तीच्या काळापुरती वापरायला मिळालेली लेक्सस ईएस ३५० मोटार महामार्गावर ताशी १६० किलोमीटरच्या पुढे गेली आणि थांबेना. गाडीतून आपत्कालीन क्रमांकावर फोन झाला. ब्रेक लागत नाहीत, असे त्यात सांगितले गेले. गाडीतले चौघेही मृत्युमुखी पडले. तपासात आढळले, की दुसऱ्याच मॉडेलचे जाड रबरी मॅट पायाखाली घातलेले होते आणि ॲक्सिलरेटर त्यात अडकला होता. ब्रेक जळून गेले होते. गाडीला चावी नव्हती, बटण होते आणि चालत्या गाडीत ते काही सेकंद दाबून धरल्याशिवाय इंजिन बंद होत नसे. ती गाडी त्यांची नव्हती, मग हे ठाऊक असणार कसे? चाकामागे बसलेला माणूस गाडी चालवण्यात कच्चा नव्हता, महामार्ग पोलीस होता.

त्यानंतर अमेरिकेतील ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने रेस पूर्ण दाबलेली ठेवून ब्रेकच्या चाचण्या घेतल्या. सहा सिलिंडरची कॅमरी ताशी ११२ किलोमीटरवरून एरवी ५३ मीटरमध्ये थांबे. रेस दाबलेली असताना तिला ५८ मीटर लागले. पाचच मीटर जास्त. पाचशेहून अधिक अश्वशक्तीची मस्टँग मात्र ताशी १६० किलोमीटरवरून पूर्ण थांबलीच नाही, ब्रेक तिच्यापुढे हरले. ‘ब्रेक इंजिनापेक्षा ताकदवान असतो’ हे वाक्य सर्वसामान्य गाडीपुरते खरे आहे. ताकद वाढत जाते तसे ते पातळ होत जाते. म्हणूनच ब्रेक दाबताच रेस तोडण्याची गरज स्पोर्ट्स कारला सर्वांत जास्त आहे आणि गंमत अशी, की तिच्याबद्दलची सर्वांत मोठी तक्रारही त्याच गाड्यांच्या मालकांची आहे.

तक्रारीकडे वळण्याआधी काटेवाडीच्या रस्त्यावर एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. समोर ट्रॉली दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच ४२ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक दर सेकंदाला सुमारे ८ मीटर प्रतिसेकंद इतका वेग खातात, म्हणजे आणखी ४८ मीटर. आता समजा, इंजिन पुढे रेटतच राहिले आणि ब्रेकच्या कामातला पाव हिस्सा त्याने हाणून पाडला. थांबायला ६४ मीटर लागतील. वरचे १६ मीटर म्हणजे साधारण एक ट्रॅक्टर आणि त्याच्या मागच्या उसाच्या दोन ट्रॉल्या. त्याहून बोलका आकडा दुसराच आहे. पहिली गाडी जिथे थांबून उभी राहिली असती, त्या जागी दुसरीचा वेग अजून ताशी ५० किलोमीटर असतो. निम्मा वेग शिल्लक! जागतिक आरोग्य संघटना सांगते, की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. तेव्हा थांबण्याच्या शेवटच्या टप्प्यातले हे पन्नास किलोमीटर म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाणे आणि शवविच्छेदनगृहात जाणे यांतले अंतर असू शकते.

सॅन दिएगोनंतर टोयोटाला मॅट आणि अडकणारी पेडले यांसाठी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०११ च्या मॉडेलपासून आपल्या गाड्यांत ब्रेकला वरचढ ठेवणारी यंत्रणा देऊ, असे कंपनीने जाहीर केले. तीच यंत्रणा जर्मन गाड्यांत आधीपासून होती, हे इथे विसरता येत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच बिघडले होते का, हे तपासायला अमेरिकी सरकारने ‘नासा’च्या अभियंत्यांना बोलावले. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात गाडी बेफाम पळवू शकेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नसल्याचे म्हटले गेले. एका पेडल-सेन्सरमध्ये मात्र कथिलाचे केसाहून बारीक तंतू उगवलेले आढळले, असे तंतू नको तिथे विद्युतजोडणी करू शकतात. पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या एका खटल्यात ज्युरीने कंपनीला जबाबदार धरले. तिथे तज्ज्ञांनी थ्रॉटलच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी न्यायालयापुढे उलगडून दाखवल्या होत्या. मार्च २०१४ मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल कंपनीने अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर भरले. दोष मॅटचा, पेडलचा की प्रोग्रामचा, हा वाद अभ्यासकांत चालू राहील. पण ब्रेकला शेवटचा शब्द देणारा नियम त्या गाड्यांत असता, तर मॅट अडकून उघडी राहिलेली झडप त्याने मिटवली असती. कारण काहीही असो, हा इलाज लागू पडतो, यातच त्याचे मोल आहे.

आता तक्रार. शर्यतीच्या मैदानावर तरबेज चालक वळणापूर्वी उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबतो आणि त्याच पायाच्या टाचेने किंवा कडेने रेसला हलका झटका देतो. खालचा गियर टाकताना इंजिनाची गती चाकांशी जुळावी आणि मागची चाके घसरू नयेत, यासाठीची ही जुनी विद्या. काही जण डाव्या पायाने ब्रेक सांभाळत उजवा पाय रेसवर ठेवतात, वळणात गाडीचा तोल राखतात. टर्बो इंजिन दाब गमावू नये म्हणूनही तसे करतात. संगणकाने ब्रेक दिसताच रेस तोडली, की या मंडळींचे गणित विसकटते. वळणातून बाहेर पडताना ताकद हवी असते आणि इंजिन अर्धा-पाऊण सेकंद झोपलेले असते. तक्रार निव्वळ हौसेची आहे असे म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही. भर वळणात अचानक ताकद गेली, तर गाडीचा भार पुढे सरकतो आणि मागची चाके हलकी होतात. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, पेठेतल्या गप्पा नाहीत.

पण या तक्रारीचे उत्तर यंत्रणा काढून टाकण्यात नाही, ती अधिक शहाणी करण्यात आहे. बहुतेक चांगल्या रचना क्रम आणि कालावधी पाहतात. रेस आधीपासून दाबलेली आहे, तशीच राहिली आहे आणि वर ब्रेक जोरात आला, हे अडकलेल्या पेडलचे लक्षण. ब्रेक आधी आला आणि मग रेसला क्षणभराचा झटका, हे कसबी पायाचे लक्षण. दोन्ही वेगळे ओळखता येतात. काही स्पोर्ट्स गाड्यांत तर गियर उतरवताना रेसचा झटका संगणक स्वतःच देतो, पायाला तेवढीही तसदी नाही. मैदानापुरती सूट मैदानापुरत्या मोडमध्ये द्यायलाही हरकत नसावी. इंदापूर रस्ता मैदान नाही.

यंत्रणा आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, याचा सर्वांत कडू धडा फॉर्म्युला वनने दिला. ५ ऑक्टोबर २०१४ ला जपानच्या सुझुका मैदानावर भर पावसात ज्यूल्स बियांकीची मारुसिया गाडी ताशी २१३ किलोमीटरने मैदानाबाहेर गेली आणि दुसरी गाडी उचलायला आलेल्या साडेसहा टनी क्रेनवर आदळली. आदळतानाचा वेग ताशी १२६ किलोमीटर होता. जागतिक मोटर संघटनेच्या दहा सदस्यांच्या चौकशी समितीने डिसेंबरमध्ये निष्कर्ष मांडले. त्यातला एक असा: मैदान सोडल्यानंतरच्या दोन सेकंदांत बियांकीने दोन्ही पायांनी रेस आणि ब्रेक एकत्र दाबले होते. अशा वेळी इंजिन तोडणारी सुरक्षा यंत्रणा गाडीत होती. पण मागच्या ब्रेकचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण ज्या संगणकीय समन्वयकाकडे होते, त्याने तिला अडवून धरले. त्या संघाची ब्रेक-रचना इतरांपेक्षा वेगळी होती आणि ती या सुरक्षा यंत्रणेशी जुळलीच नव्हती. याचा आदळण्याच्या वेगावर किती परिणाम झाला, हे मोजता येत नसल्याचे समितीने प्रांजळपणे लिहिले. ओल्या रस्त्यावर वेग पुरेसा कमी न करणे, मैदानावर क्रेन असणे, ही कारणेही होतीच. बियांकी नऊ महिन्यांनी, जुलै २०१५ मध्ये गेला. जगातली सर्वांत महाग, सर्वांत तपासली जाणारी मोटार, तिच्यात दोन शहाण्या प्रोग्रामांनी एकमेकांचे ऐकले नाही. घरगुती मोटारीत आज असे डझनावारी प्रोग्राम असतात: ब्रेक, स्टिअरिंग, घसरण-नियंत्रण, क्रूझ.

दुचाकीचे प्रकरण थोडे निराळे आहे आणि बारामतीत स्पोर्ट्स बाइक बनत असल्याने ते इथे महत्त्वाचे. गर्दीत, चिखलात किंवा अरुंद वाटेवर दुचाकी अगदी संथ वळवायची, तर जाणकार चालक मूठ किंचित पिळलेली ठेवतो आणि मागचा ब्रेक हलका दाबून धरतो. गाडीचा तोल त्या ओढाताणीवर टिकतो. त्याच क्षणी रेस संपूर्ण तुटली, तर गाडी आडवी होईल. म्हणून मोटारीचा नियम जशाच्या तसा दुचाकीला लावणे धोक्याचे. वेग किती, पुढचा ब्रेक की मागचा, जोर किती, हे पाहूनच निर्णय व्हायला हवा. उलट विजेच्या स्कूटरमध्ये हा नियम आधीच सरसकट रुळला आहे. ब्रेकच्या दांडीशी स्विच असतो आणि दांडी ओढताच कंट्रोलर मोटरचा प्रवाह तोडतो. गॅरेजवाले त्याला सरळ ‘कटऑफ’ म्हणतात. कोटभर रुपयांच्या स्पोर्ट्स कारमध्ये जे आहे, तेच लाखाच्या आतबाहेरच्या स्कूटरमध्येही, फक्त स्वस्तात. तो स्विच ओला झाला किंवा अडकला की स्कूटर हलेनाशी होते. मग ‘काढून टाका ती वायर’ हा झटपट इलाज सुचवला जातो. स्कूटर पळू लागते. आणि ब्रेक लावताना मोटर पुढे रेटत राहण्याची वाट मोकळी होते.

मोटारींत याच वायर काढण्याचे सुशिक्षित रूप म्हणजे रीमॅप. इंजिनाच्या संगणकातला मूळ कार्यक्रम बदलून ताकद वाढवायची आणि त्याच बैठकीत ‘अडथळे’ही काढायचे. मालकाला वाढलेली अश्वशक्ती कागदावर दिसते, गेलेला पहारेकरी दिसत नाही. गाडी पुढे विकली गेली, तर नव्या मालकाला तर काहीच कळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. कर्कश सायलेन्सरवर ही कारवाई होताना दिसते, कारण तो कानाला ऐकू येतो. संगणकातला बदल ऐकू येत नाही. फिटनेस तपासणीत रेस आणि ब्रेक एकत्र दाबून इंजिन काय करते, ते पाहायला फार मोठी यंत्रसामग्री लागणार नाही. ही चाचणी मशीनवर, चाके जागेवर ठेवून करता येण्यासारखी आहे.

या यंत्रणेची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर ती जादू वाटू लागेल. बेफाम पळालेल्या गाड्यांच्या पुष्कळ प्रकरणांत दोन पेडले एकत्र दाबलेली नसतातच. चालकाने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबलेला असतो. अमेरिकेत १९८०च्या दशकात ऑडी ५००० वर अशाच पळापळीचे आरोप झाले. १९८९ च्या सरकारी अहवालाने बहुतेक घटनांचे मूळ पेडलच्या गल्लतीत असल्याचे म्हटले. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट यांनी त्याच वर्षी या गल्लतीचा अभ्यास मांडला. पायाला हालचालीची आज्ञा देताना मेंदू योग्यच पेडल निवडतो, स्नायूंच्या हालचालीत किंचित फरक पडून पाय दुसरीकडे पडतो. चालकाला हे जाणवत नाही, कारण त्याच्या मते तो ब्रेकवरच आहे. गाडी पळते तसा तो आणखी जोराने ‘ब्रेक’ दाबतो. धक्क्याच्या त्या चार-पाच सेकंदांत पाय उचलून पाहण्याचे भान राहत नाही. वय झालेल्यांत हे अधिक दिसते, पण ते त्यांच्यापुरते नाही. नव्याने ऑटोमॅटिक गाडीकडे वळलेला, डावा पाय रिकामा झालेला तरुणही त्यात असतो. अशा वेळी संगणकाला ब्रेकचा संकेतच मिळत नाही, मग तो रेस तोडणार कशाच्या आधारे? जपानने या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. समोर भिंत किंवा वाहन आहे आणि उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर एकदम तळाला गेला, तर गाडीने तो दाब चूक मानायचा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियम मंचाने २०२४ मध्ये यावर आंतरराष्ट्रीय नियम मंजूर केला आणि जपान २०२८ पासून नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना तो लागू करणार आहे. ज्या देशात म्हातारी माणसे जास्त, तो आधी जागा झाला.

आणि जिथे चालकाने ब्रेक दाबायचेच नाकारले, तिथे कोणताही प्रोग्राम कामाचा नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शच्या विजेवर धावणाऱ्या मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्या गाडीतली सुरक्षा यंत्रणा जगातल्या उत्तमांपैकी असणार. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या मागे अतिवेग नोंदला आहे आणि मेलेल्यांपैकी साधारण ४४ टक्के दुचाकीवर होते. रेस तोडणारा स्विच या आकड्यांतला छोटा भाग वाचवेल. छोटा भाग म्हणून तो सोडून द्यायचा का, हे ठरवताना सोळा मीटरमधली ट्रॉली आठवावी.

वाहनांच्या चाचण्यांची देशातली जुनी संस्था एआरएआय १९६६ पासून पुण्यातच आहे. पुण्याच्या आसपास चाकणला मोटारी बनतात, बारामतीला बाइक आणि रिक्षा. म्हणजे नियम लिहिणारे, तपासणारे आणि बनवणारे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या परिघात बसतात. एवढी सोय फार थोड्या प्रदेशांना लाभते. तरीही शोरूममध्ये ग्राहकाला मायलेज, सनरूफ आणि स्क्रीनचा आकार यांची माहिती तोंडपाठ मिळते. ब्रेक आणि रेस एकत्र दाबले तर ही गाडी काय करील, असे विचारले तर विक्रेता बहुधा वरिष्ठांना बोलावतो. माहितीपुस्तिकेत हे दोन ओळींत, मराठीत, पहिल्या काही पानांत छापणे कंपन्यांना जड नाही. चालत्या गाडीचे इंजिन बटणाने कसे बंद करायचे, हेही त्याच पानावर हवे. गाडी उसनी घेतलेली असली तरी ते सापडले पाहिजे.

रेस खरोखरच अडकली, तर काय करावे, हे शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत विचारले जावे इतके साधे आहे. ब्रेक एकदाच, पूर्ण जोराने दाबायचा आणि धरून ठेवायचा, पुन्हा पुन्हा नाही. लगेच क्लच, ऑटोमॅटिक असेल तर गियर न्यूट्रलला. इंजिन ओरडेल, ओरडू द्यावे, बहुतेक गाड्यांत त्याची वरची मर्यादा संगणक सांभाळतो. गाडी कडेला थांबल्यावरच इंजिन बंद करायचे. धावत्या गाडीची चावी पूर्ण फिरवून काढली, तर स्टिअरिंग जाम होऊ शकते. मॅट एकच असावे, त्या गाडीचेच असावे आणि त्याचे हूक लावलेले असावेत. जुन्यावर नवे टाकून दुहेरी गालिचा करायची सवय बऱ्याच घरांत आहे.

आणि ब्रेकचा तो स्विच. कित्येक गाड्यांत त्याची किंमत काही शे रुपयांपलीकडे जात नाही. संगणकाला ‘थांब’ हा शब्द ऐकू येतो तो त्याच्यामार्फत. तो मेला, की मागचे लाल दिवे विझतात आणि बऱ्याचदा क्रूझ चालेनासे होते, ऑटोमॅटिक गाडी पार्कमधून निघत नाही. नुसता बल्ब गेला असेल, तर एका बाजूचा दिवा विझतो. दोन्ही एकदम लागत नसतील, तर आधी स्विचचा संशय घ्यावा. संध्याकाळी गाडी अंगणात उलटी, मागची बाजू भिंतीकडे करून उभी करायची, ब्रेक दाबायचा आणि आरशात पाहायचे, भिंत लाल होते की नाही.